होकाराची वाट

घाटाच्या चढावर मागचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येत होता. मृदुलानं ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला, तरी गाडी वेग घेईना.

"काय झालंय हिला?" ती कडाडली.

गाडी नम्रपणे म्हणाली, "साहेबांच्या होकारासाठी थांबलेय. तुम्ही वेग वाढवलात की ते दरवेळी 'हळू, हळू' म्हणतात. त्यावरून मी शिकले."

शेजारी बसलेला श्रीरंग ओशाळला. "अगं, काळजीपोटी म्हणतो मी."

"इतकी वर्षं गाडी चालवतेय. एक ओरखडा दाखव!"

मृदुलानं गाडी कशीबशी कडेला घेतली, त्याला मागच्या सीटवर पाठवलं आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी ढिम्म हलेना.

"साहेब अजून गाडीतच आहेत," गाडी म्हणाली.

मृदुलानं बटण दाबून मागचं दार उघडलं.

"उतर!"