दोनच 'ब'

एकाहत्तर साली माझ्या लग्नाची पत्रिका छापायला आम्ही मिरजगावला आबासाहेबांच्या छापखान्यात गेलो. त्यांनी नुकताच मुंबईहून नवा नक्षीदार टाइप आणला होता. प्रत्येक अक्षराच्या दांडीला वर कळी आणि खाली पान. सोबत आलेल्या तिन्ही आत्या हटूनच बसल्या, "आमची नावं ह्याच अक्षरात पायजेत."

आबासाहेबांनी खण चाचपला. "टाइप लई मोजका हाय, बाई. 'ब' तर दोनच हायेत."

म्हणजे आत्यांपैकी एकट्या बायडाबाईंचं नाव बसणार, नाहीतर कडूबाई आणि रतनबाई अशा दोघींचं.

"थोरली मी हाय," बायडाआत्या म्हणाली.

"मंग लग्नालाबी तू एकलीच ये," धाकट्या दोघी म्हणाल्या.

चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी वडील कंटाळले आणि सगळीच नावं साध्या टाइपात टाकायला सांगून आले.

पत्रिका छापून आली. नवरदेव असून माझंही नाव साधंच.

 

आणि अगदी तळाला, कळ्यापानांसकट, दोन्ही 'ब' वापरून छापलं होतं: 'मुद्रक – आबासाहेब'.