दोन हिरवे पट्टे

नाचणी काढायला माय तोंगाईनं कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळाशी बोटांना कापड लागलं. ओढून पाहिलं तर झेंडा! हिरवा, पांढरा, हिरवा, आणि मधोमध गोऱ्या सरकारचं चिन्ह.

आधी तिनं दार लावून घेतलं.

स्वातंत्र्य आठवड्यावर आलं होतं. सीमेपलीकडे मोझांबिकात राहून गोऱ्यांशी लढलेली पोरं ट्रक भरभरून परतत होती, आणि वस्त्यावस्त्यांतून फितूर हुडकले जात होते. परवाच ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्याचं घर पेटवलं. का, तर म्हणे पोलिसांना चहा पाजायचा. इथं तर कणगीत अख्खा झेंडा! आणि तिचा तोंगाई, ज्याच्या नावानं लोक तिला माय तोंगाई म्हणत तो, तीन पावसाळ्यांपूर्वी आईला न सांगता निघून गेलेला एकुलता एक पोरगा, आज ना उद्या याच दारात उभा राहायचा होता. त्याच्या स्वागताची बिअर करायची म्हणून तर ती नाचणी काढत होती. घरात हे असलं सापडलं तर पोराला तोंड कसं दाखवायचं?

ठेवणारा दुसरा कोण असणार? तिचा नवरा, बाबा तोंगाई, जिल्हा कचेरीत शिपाई होता. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा निळा होता, कोपऱ्यात राणीचं निशाण असलेला. मग गोऱ्यांनी राणीशीच भांडण काढलं आणि हा हिरवा-पांढरा आला. गेल्या साली आपल्यातल्याच एकाला खुर्चीत बसवलं, तेव्हा पिवळ्या पक्ष्याचा आला. तो चार महिनेसुद्धा टिकला नाही, पुन्हा राणीचाच चढला. आणि आता सहा का सात पट्ट्यांचा नवा येणार होता. सरकारं बदलली, दोरी ओढणारा मात्र तोच.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते जुने झेंडे उतरवल्यावर कुठं जातात हो?"

त्याचा घास हातातच राहिला. "कुठला जुना?"

"हिरवा-पांढरा."

"तो साहेबानं आपल्या ट्रंकेत भरला. आठवण म्हणून."

"दुसरा नव्हता?"

"कचेरीत एकच होता. उन्हानं पार विटलेला."

धडधडीत खोटं! कणगीतला हिरवा कोवळ्या मक्याच्या पानासारखा होता, ऊन न पाहिलेला. म्हणजे कोराच पळवून आणलेला.

"उद्या अजून एक ट्रक येतोय म्हणे. रस्त्यावर येणार ना?"

"मला काम आहे."

"दर वेळी बरं काम निघतं! पोराला बघायची इच्छा नाही की हिंमत नाही?"

तो ताट सारून उठला.

भांडी घासता घासता तिला एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी साहेबाच्या कामाला म्हणून हा राजधानीत, सॅलिस्बरीला गेला. परतला तो काखेत गाठोडं घेऊन, आणि आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. गेल्या वर्षी अचानक म्हणाला, बापाच्या आत्म्याला घरी आणायची बिअर घालू. अहो, ती बिअर माणूस गेल्यावर वर्षानं घालायची असते, आणि बापाचं तर ते सगळं ती या घरात यायच्या आधीच उरकलं होतं! तरी तिनं घातली. जमिनीवर बिअर ओतताना यानं नुसते ओठ हलवले, बापाचं नाव काही मोठ्यानं घेतलं नाही. मन खात असणार, दुसरं काय? आणि तोंगाई कुठं गेला ते यानंच साहेबाच्या कानात सांगितलं असलं तर? सख्ख्या नवऱ्याची तिला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी वर्तमानपत्रातलं नव्या झेंड्याचं चित्र गावासाठी झेंडा शिवायला जमलेल्या बायकांपुढे ठेवलं. पिवळं, तांबडं, काळं कापड जमलं होतं. हिरवं मात्र दुकानात औषधालाही उरलं नव्हतं.

"वर एक पट्टा, खाली एक," शेजारची माय नेत्साई शिवणयंत्रावर कोपर टेकून म्हणाली. "हिरव्यावाचून कसला झेंडा गं, बाई?"

"माझ्याकडे आहे," माय तोंगाई बोलून गेली आणि स्वतःच चपापली. "लग्नातलं. ठेवणीतलं."

घरी येऊन तिनं कात्री चालवली. मधलं पांढरं चिन्हासकट चुलीत गेलं. हिरव्यावर एका जागी मेणाचे थेंब सांडलेले होते, ते नखानं खरवडले, पण तेलकट डाग राहिलाच. जोड देऊन दोन पट्टे बरोब्बर निघाले. घरातली पीडा गेली, वर चारचौघींत कौतुकही झालं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

स्वातंत्र्याच्या सकाळी शाळेच्या मैदानात सगळा गाव लोटला. झेंडा चढवायला हेडमास्तरांनी बाबा तोंगाईलाच पुढे केलं. हात बसलेला माणूस ना! त्यानं घडी उलगडली, दोरी बांधायला घेतली, आणि त्याची बोटं हिरव्यावर थबकली. डाग होता तिथंच. त्यानं गर्दीत बायकोला शोधलं. तिनं नजर चुकवली नाही. ओळखलंत ना? बरं झालं.

तो अगदी सावकाश दोरी ओढत राहिला. झेंडा टोकाला पोचला, बायकांनी किलकाऱ्या मारल्या, गाणं सुरू झालं. त्या गलबल्यात तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. टोपी हातातच होती.

"कणगीतलं ना?" त्यानं विचारलं.

"तुमचं पाप चुलीत घातलं. चांगलं होतं तेवढं वर चढवलं," ती दातओठ खात पुटपुटली. "आता खुशाल येऊ दे माझ्या तोंगाईला."

तो वर बघत होता.

"तोंगाई मोझांबिकात गेलाच नव्हता," तो म्हणाला. "सरकारच्या फौजेत होता. ते कापड त्याच्या शवपेटीवर घातलं होतं."