शेवटची तारीख

आमच्या संस्थेत प्रत्येक संशोधन प्रकल्पाला कायमचा क्रमांक मिळतो. त्याखालचं कुणाचंही नाव कधी काढत नाहीत. माणूस गेला, तर नोंदवहीत नावापुढे फक्त शेवटची तारीख घालतात. ते काम माझं.

तळ्यातल्या गाळाच्या प्रकल्पावर माझा मुलगा होता. होडी उलटली आणि तो गेला. त्याची तारीख मीच घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारखेची जागा रिकामी होती. पुन्हा घातली, पुन्हा रिकामी.

साहेब हळूच म्हणाले, "ताई, पुसत जाऊ नका हो. कळतं मला."

मी पुसत नव्हते.

आज तारीख घातलीच नाही. "राहा बाबा," एवढंच मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच्या नावाखाली आपोआप नवी ओळ उमटली.

सहकारी: आई. ठिकाण: तळ्याचा तळ. सुरुवात: आज.