न घासलेलं मडकं

शेवंताक्का विहिणीच्या ओट्यावर येऊन बसल्या, पण पदराखालचं रिकामं मडकं काही बाहेर काढेनात.

“काढा की,” विहीण अनसूयाबाई म्हणाल्या. “जिवाणू मेले ना?”

“गौरी यायच्या म्हणून मडकं कढत पाण्यानं घासलं. आमच्यात स्वच्छता असते.”

“आणि आल्याचे कंद कुजले.”

“चारच वाफे. आज औषध पडलं तर बाकीचं रान वाचेल.”

बुरशीनं दुकानातली सगळी औषधं पचवली, तेव्हापासून घरोघरी मातीतले जिवाणू मडक्यात गुळाच्या पाण्यावर पाळत. ते जे औषध तयार करत, तेच पिकाच्या मुळाशी ओतायचं. याच घरच्या कळकट भांड्यांना शेवंताक्कांनी लेकीच्या लग्नात चारचौघांत नावं ठेवली होती.

अनसूयाबाईंनी आतून काळंकुट्ट मडकं आणलं. “सात वर्षांत घासलेलं नाही. तुमची रंजना सासरी येताना तुमच्याच रानातली माती घेऊन आली, तिच्यातले जिवाणू हे.”

शेवंताक्कांनी वास घेतला. मान पुन्हा ताठ झाली.

“मग मी मागायला कुठं आलेय? गौरीच्या सणाला माहेरवाशीण न्यायला आलेय.”

“न्या की,” अनसूयाबाई विहिणीच्या पदराखालचं रिकामं मडकं ओढून त्यात आपल्यातलं ओतत म्हणाल्या. “फक्त तिला कढत पाण्यानं न्हाऊ घालू नका.”