रस्त्याची सोबत

सलूनवाल्याने मानेवर पाणी फवारलं आणि खुर्चीत बसलेल्याचा फोन वाजला. ताईचा होता.

“कुठवर आली रे बस?”

“घाट उतरलोय आत्ता,” तो म्हणाला. आरशात स्वतःशीच नजरानजर झाली, तशी त्याने नजर वळवली.

“साहेब, मान खाली घ्या.”

“हे कोण रे?”

“शेजारचे. खिडकीबाहेर बघतायत.”

“मग घे की खाली! बघू दे बिचाऱ्याला.”

सलूनवाल्याने हसू गिळलं आणि आवाज न करता कात्री फळीवर ठेवली.

ताईचा आवाज मात्र उतरला. “आईची कंबर धरलीय. डॉक्टर म्हणाले, पाठ टेकून पडून राहा. ऐकेल तर शपथ! काल तू निघालास तेव्हापासून लाकडी खुर्चीत ताठ बसलीय, हातात जपमाळ. म्हणते, पोर बसून चाललंय, मी कशी आडवी होऊ?”

“रात्रभर?”

“दर खेपेला बसते. तुला सांगू नको म्हणून मला दम भरलाय. आणखी एक दिवस राहिला असतास तर... जाऊ दे. बसला अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, त्याला तू तरी काय करणार? विमानाचं नाव काढलं की तिला कापरं भरतं, म्हणून तू हाडं खिळखिळी करत जातोस. दुसरा असता तर दोन तासांत उडून मोकळा झाला असता.”

काल तो दोन तासांतच उडून आला होता. संध्याकाळी मित्रांत बसून पोट दुखेस्तोवर हसला होता आणि मग गाढ झोपला होता.

आता ‘पोचलो’ म्हणावं, तर बस दुपारशिवाय पोचत नाही हे आईला तोंडपाठ. गप्प राहावं, तर दुपारपर्यंत ती खुर्ची सोडणार नाही.

“ताई, आईकडे दे फोन.”

माळेचे मणी वाजले. मग श्वास.

“आई, पड आता. मी घरी पोचलोय. कालच. विमानाने आलो.”

मणी थांबले.

“विमानाने? नीट उतरलास ना रे बाळा?”

“हो.”

“आणि मागच्या खेपेला?”

“तेव्हाही. त्याच्या आधीही.”

सलूनवाला दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

“अगंबाई,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. “मग मी एवढ्या साऱ्या रात्री सोबत कुणाला करत होते रे?”

त्याने गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

“असू दे,” ती म्हणाली. मणी पुन्हा वाजू लागले. “त्या बसमध्ये कुणाची तरी लेकरं आहेतच की. ती पोचू देत, मग पडते.”