पाणकणसाची कड

कुदळीचा पहिला घाव आकारामनं स्वतःच घातला. भावजयीची चोरी उकरायची म्हटल्यावर गडी कशाला लावायचा?

गडमुडशिंगीची पाच-सहा माणसं बांधावर उभी होती. मध्ये तंटामुक्ती समितीचे ज्ञानूअण्णा, हातात खुंटी घेऊन. पलीकडं बायडाबाई, आकारामच्या धाकट्या भावाची विधवा. भाऊ गेल्यापासून पाच वर्षं दीर-भावजय एकमेकांशी बोलले नव्हते. शिव्यासुद्धा तिसऱ्याच्या तोंडून पोचायच्या.

"अण्णा, रातचं येऊन पाणकणीस लावलंय हिनं. झाड काय वीस पावलं चालत येतंय व्हय?"

"अण्णा, ह्यास्नी म्हणावं, गप खणा."

वाटणीच्या वेळी आकारामनंच हट्ट धरला होता. वरचं कोरडं उसाचं रान त्याला, मधली दलदल आणि खालचं रान धाकट्याला. हद्द म्हणजे दलदलीतल्या पाणकणसाची वरची कड. दगड नको, म्हणाला. दगड रात्रीत सरकवता येतो, झाड येत नाही. स्टँपपेपरवर तसंच लिहून घेतलं आणि आपल्या हुशारीवर कितीतरी दिवस खूश होता.

आता ते पाणकणीस त्याच्या उसात शिरलं होतं. पुरुषभर उंच. तपकिरी कणसं फुटून त्यांचा कापूस उडत होता आणि नेमका आकारामच्या मिशीला चिकटत होता. तो तोंड पुसायचा, शिवी हासडायचा आणि पुन्हा खणायचा.

सगळ्यांसमोर ठरलं होतं. झाडं हातानं लावलेली निघाली, तर बायडाबाईनं खालचं रान आकारामला देऊन माहेरी जायचं. आपोआप आलेली निघाली, तर स्टँपपेपरप्रमाणं कड जाईल तिथं हद्द. बायडाबाई लगेच हो म्हणाली. नाहीतरी त्या रानात राहिलं काय होतं? तीन वर्षं तिचं सोयाबीन पाण्यात कुजत होतं. वरून पाणी येतं कुठून, असं कुणी विचारलं की आकाराम म्हणायचा, मोटर बंद करायची राहिली. आत्ताही ती चालूच होती.

लावलेलं रोप सुटं निघतं, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. हे निघेना. चिखल बाजूला केला तर खाली अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं धावत होतं. त्याच मुळावर पुढचं झाड, त्याच्याही पुढचं. आकाराम दलदलीपर्यंत खणत गेला. मूळ कुठंच तुटलेलं नव्हतं.

"आपसूकच आलंय की," बांधावरून कुणीतरी म्हणालं.

"वर कसं चढलं मग?" आकाराम ओरडला. "माझं कोरडं रान हुतं हितं!"

ज्ञानूअण्णा मुळाच्या कोवळ्या टोकाच्या दिशेनं उसात शिरले. चपला चिखलात रुतत होत्या. बाकीचे मागोमाग गेले.

उसाच्या आत पाटाचा बांध हातभर फोडलेला होता. उंदरानं किंवा खेकड्यानं नव्हे. फोडलेल्या जागी दोन्ही बाजूंना दगड नीट बसवले होते आणि तिथून पाणी बायडाबाईच्या रानाकडं वाहत होतं. त्या पाण्यात पाणकणसाचे दहा-बारा हिरवे कोंब वर आले होते. त्यांच्यापुढं एकही नव्हता.

सगळ्यांनी आकारामकडं बघितलं. तो हातातल्या कुदळीचा चिखल काढत राहिला.

ज्ञानूअण्णांनी त्या कोंबांपाशीच खुंटी ठोकली.

पाच वर्षांत पहिल्यांदा बायडाबाई थेट त्याच्याशी बोलली.

"मोटर बंद करू नगासा, भावजी. कड अजून वर यील."