आईचे गुडघे

वडिलांची सिगारेट सुटली, पण गेलेला दम काही परत आला नाही. उभी हयात पाठीवर कपाटं घेऊन लोकांचे जिने चढलेला हमाल माणूस, आता रिकाम्या हातांनीही चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरी पोचताना धापा टाकायचा. पण मध्ये कुठे थांबेल तर शपथ.

नेमके तेव्हाच आईचे गुडघे दुखायला लागले. प्रत्येक मजल्यावर ती कठडा धरून मटकन खाली बसायची. "थांबा हो जरा. जीव गेला माझा."

"तुझ्या गुडघ्यांपायी घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा," असं पुटपुटत वडील भिंतीला टेकायचे. त्यांच्या छातीतली शिट्टी हळूहळू शांत व्हायची. मग तेच म्हणायचे, "चल, ऊठ आता. किती बसशील?"

घरी आल्यावर तेल कोमट करून तिचे गुडघे चोळून द्यायचे. चोळतानाही तोंडाचा पट्टा चालूच. "माझ्याआधी म्हातारी झालीस तू." आई पाय पसरून मुकाट्याने ऐकून घ्यायची.

आज वडिलांना शेवटचं पोचवून आम्ही दोघी परतलो. पहिल्या मजल्यावर मी आईचा दंड धरला. "बस जरा इथे. गुडघे दुखतील तुझे."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" ती म्हणाली, आणि उरलेले सगळे जिने एका दमात चढून गेली.